खेचरावरची तोफ सारंगखेड्याला येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सेनादिनाचे संचलन दिल्लीबाहेर निघाले, त्याला आता काही वर्षे झाली. २०२३ला बंगळुरू, २०२४ला लखनौ, २०२५ला पुणे आणि २०२६ला जयपूर. १५ जानेवारी १९४९ रोजी करिअप्पा साहेबांनी इंग्रज सेनापतीच्या हातून भारतीय सेनेची सूत्रे घेतली, त्या दिवसाचा हा सोहळा. मी नोकरीत होतो तोवर तो दिल्लीतच व्हायचा. नौदलानेही २०२३चा आपला दिन, ४ डिसेंबर, मालवणजवळ तारकर्लीच्या किनाऱ्यावर साजरा केला. हवाई दल आपल्या दिनाला दिल्लीजवळचे हिंडन सोडून चंदीगड, प्रयागराज, चेन्नईला जाऊन आले. या सगळ्या बातम्यांची कात्रणे मी जपून ठेवली आहेत. पुण्याच्या वेळी आमच्या भावकीतली तरुण पोरे मुद्दाम जाऊन आली. मांडून ठेवलेली शस्त्रे पाहिली, रणगाड्यापाशी फोटो काढले, खूश होऊन परतली. मी त्यांना विचारले, "जवान काय करताना पाहिला?" तर म्हणाली, "उभा होता. विचारले की माहिती सांगायचा."

त्या उत्तरावरून हे पत्र लिहायला घेतले. खेचरावरची तोफ उतरवून जोडण्याचा आमचा जुना खेळ सारंगखेड्याच्या यात्रेत लोकांना दाखवावा, एवढीच मागणी आहे.

मी तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. पारोळा तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात शिकलो आणि पुढे माउंटन रेजिमेंटला गेलो. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे स्थापनादिनाला किंवा मेळ्याला मैदान लोकांसाठी खुले व्हायचे. भगूर, विहितगाव, देवळाली, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसे बायकापोरांसह यायची. मैदानाभोवती चुन्याची रेघ, रेघेवर दोर, दोरामागे जमिनीवर बसलेले लोक. व्यासपीठावर साहेबमंडळी असायची, पण खरा कार्यक्रम दोरामागच्या लोकांसाठीच होता, हे आमचे उस्ताद रोज सरावाला सांगत. "साहब ने तो देखा हुआ है. वो जो बच्चा दोर पकड़ के बैठा है, उसके लिए करो."

काय काय असायचे तिथे! सिग्नलवाले बुलेटवर एकावर एक चढून मनोरा करायचे आणि आगीच्या कड्यातून गाडी पार काढायचे. शीख पलटणीचा गटका, गोरखांचे खुकरी नृत्य. मराठा लाइट इन्फंट्रीची पोरे बेळगावहून आली असली तर मल्लखांब आणि झांजपथक. झांजेचा पहिला ठोका पडला की बायका डोक्यावरचा पदर सावरून उभ्या राहायच्या, कारण तो ठेका त्यांच्या गावचा होता. श्वानपथकाचा कुत्रा गर्दीतून नेमका रुमाल शोधून आणायचा, तेव्हा पोरे रेघ ओलांडून धावायची आणि त्यांना मागे सारता सारता आमचा घाम निघायचा. आणि घोडेस्वारांचे टेंट पेगिंग. जमिनीत ठोकलेली लाकडाची बोटभर रुंद मेख, भरधाव घोडा, खाली झुकलेला भाला. मेख भाल्याच्या टोकाला लागून वर उचलली गेली की मैदान दणाणून जायचे. हा खेळ १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतही होता आणि वैयक्तिक सुवर्णपदक आपल्या घोडेस्वाराने घेतले होते.

आमचा खेळ शेवटून दुसरा असायचा. तो जरा नीट सांगतो, कारण आता तो पाहिलेले लोक कमी उरले.

आमची तोफ ७५/२४ पॅक हॉवित्झर. भारतातच घडवलेली, वजन टनाच्या आसपास, मारा अकरा-एक किलोमीटर. पहाडात जिथे गाडी जात नाही तिथे ती सुटी करून खेचरांवर लादायची आणि वर जाऊन पुन्हा जोडायची. मैदानात आमच्या दोन डिटॅचमेंट, म्हणजे एकेका तोफेवरच्या तुकड्या, समोरासमोर यायच्या. खेचरांची रांग एका बाजूने दुडक्या चालीने आत येई. एकावर बॅरल (नळी), एकावर ब्रीच (नळीचे मागचे तोंड, जिथून गोळा भरतात), पुढे क्रॅडल (नळी बसते तो सांगाडा), ट्रेल (तोफेचा मागचा आधार), चाके, दारूगोळ्याच्या पेट्या. प्रत्येक खेचराबरोबर एक माणूस, त्याच्या डाव्या हातात लगामाची दोरी आणि तोंडात सतत काहीतरी पुटपुटणे चालू. लोकांना वाटे तो मंत्र म्हणतोय. तो खेचराशी बोलत असे. बोलणे थांबले की जनावर कान मागे टाकते, आणि कान मागे गेले की पुढची लाथ कुठे बसेल याचा नेम नाही. आमच्या खेचरांना तोफेच्या आवाजाची सवय लावायला दाणा खातानाच जवळ पत्र्याचे डबे बडवायचे, मग रायफलीचे बार, मग तोफेचा. खाता खाता ऐकलेला आवाज जनावराला भीतीचा वाटत नाही. हे तंत्र मी पुढे घरी बैलांवरही वापरले आणि पोळ्याच्या फटाक्यांना आमची जोडी कधी बिथरली नाही.

नंबर एकने, म्हणजे तुकडीच्या प्रमुखाने, "ॲक्शन" म्हटले की शिट्टी आणि घड्याळ एकदमच सुरू. खोगिराचे पट्टे सुटायचे. इथेच खरी मेख होती. खेचरावरचा भार दोन्ही अंगांना सारखा तोललेला असतो. एका बाजूने घाई केली की खोगीर फिरते, शे-सव्वाशे किलो लोखंड जनावराच्या पोटाखाली जाते आणि मग जनावरही गेले, माणूसही गेला. म्हणून समोरासमोरची माणसे एकमेकांच्या डोळ्यांत पाहून भार उचलत. तोंडाने काही बोलायचे नाही. श्वास एकत्र, उचल एकत्र. आधी ट्रेल जमिनीला, मग चाके, मग क्रॅडल, त्यावर बॅरल सरकवायचे. बॅरल बसताना खटकन आवाज येई आणि तो आवाज बरोबर आला की चूक हे कानाला कळत असे. चूक आला तर पुन्हा मागे घ्यायचे, मग समोरची डिटॅचमेंट कितीही पुढे गेलेली असो. उस्ताद म्हणत, "जल्दी सबको आती है, सही किसी किसी को." शेवटी ब्रीच, पिना, तपासणी, आणि नंबर एकचा हात वर. ब्लँक राउंडचा, म्हणजे गोळ्याविना नुसत्या दारूचा, बार निघे. मैदानभर धूर पसरे. त्या धुरात खेचरे कान हलवत शांत उभी असत, आणि टाळ्या आम्हाला कमी आणि त्यांना जास्त पडत. पडायलाच पाहिजेत.

बार झाला की तीच तोफ पुन्हा सुटी करून, लादून, रेघेपलीकडे न्यायची. जिंकणारी डिटॅचमेंट ठरे ती तिथे. आमच्यात आणि दुसऱ्या डिटॅचमेंटमध्ये त्यावरून आठवडाभर बोलणे बंद असायचे आणि बडाखान्याला, म्हणजे पलटणीच्या मेजवानीला, एकाच ताटात जेवणे असायचे.

एका वर्षी माझे वडील हा खेळ पाहायला आले. गावातले दोघे जण सोबत. पारोळ्याहून धुळे, धुळ्याहून मालेगावमार्गे नाशिक, एसटीच्या लाकडी बाकावर बसून. धोतराच्या सोग्यात कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. तोवर मी फौजेत नक्की काय करतो हे त्यांना ठाऊक नव्हते. गावात कोणी विचारले तर "तोफखान्यात आहे" एवढे सांगत. त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त पोस्टाने येणारी मनीऑर्डर होती. कार्यक्रम संपल्यावर लोकांना जवळ सोडले तेव्हा ते थेट चाकापाशी गेले. हात फिरवला, तुंब्यापाशी वास घेतला आणि मला विचारले, वंगण कोणते, किती दिवसांनी? आमचा नंबर एक हिमाचलचा. त्याला अहिराणी काय कळणार. पण त्याला प्रश्न कळला. त्याने चाकावरचे झाकण काढून आतले ग्रीस बोटावर घेऊन वडिलांना दाखवले, वडिलांनी ते अंगठ्याने चोळून पाहिले आणि मान डोलावली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आते माले समजनं, तू काय करस ते."

गावी गेल्यावर ओट्यावर बसून त्यांनी ती तोफ किती वेळा जोडली असेल! जो येईल त्याला. ट्रेलला ते "दांडी" म्हणत आणि क्रॅडलला "पाळणा", आणि ऐकणाऱ्याला सगळे समजत असे. पुढच्या काही वर्षांत आमच्या गावातून आणि शेजारच्या दोन गावांतून जी पोरे भरतीला उभी राहिली, त्यातल्या कितीतरी जणांनी तोफ पहिल्यांदा त्या ओट्यावर पाहिली.

असे खेळ आपल्याकडेच होते असे नाही. लंडनला १८८० साली रॉयल टूर्नामेंट सुरू झाली. आधी ॲग्रिकल्चरल हॉल, १९०६पासून ऑलिंपिया, १९५०पासून अर्ल्स कोर्टचे मोठे सभागृह. तिथल्या नौदलाची तोफेची शर्यत प्रसिद्ध होती. खलाशांच्या दोन तुकड्या तोफ सुटी करून भिंतीवरून चढवायच्या, मधल्या खंदकावरून दोराने लटकवून पलीकडे न्यायच्या, जोडून बार काढायच्या आणि परत आणायच्या. १८९९च्या बोअर युद्धात खलाशांनी जहाजावरच्या तोफा उतरवून लेडीस्मिथला पोचवल्या होत्या, त्याची ती आठवण. नातवाने मला मोबाइलवर त्या शर्यतीचे जुने चित्रण दाखवले. पाहताना माझे हात मांडीवर आपोआप हलत होते. माणसे गोरी, तोफ वेगळी, पण डोळ्यांत पाहून भार उचलण्याची तऱ्हा तीच. १९९९ साली ती टूर्नामेंट बंद पडली. २०१०मध्ये 'ब्रिटिश मिलिटरी टूर्नामेंट' या नावाने त्याच सभागृहात पुन्हा सुरू झाली, सैनिकांसाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्थेच्या मदतीसाठी. काही वर्षे चालली आणि थांबली. पुढे अर्ल्स कोर्टचे सभागृहही पाडण्यात आले. तोफेची शर्यत मात्र त्यांच्या नौदलाने आपल्या तळावर आजही चालू ठेवली आहे. आपल्याला सभागृह लागत नाही, ही आपली जमेची बाजू. आपल्याला मैदान आणि दोर पुरतो.

बंद पडलेले पुन्हा उभे राहते, याचे आपल्या घरचे उदाहरणही आहे. हवाई दलाचा सूर्यकिरण चमू १९९६ला उभा राहिला. २०११मध्ये त्याची किरण विमाने वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी लागली म्हणून तो थांबवावा लागला. काही वर्षांनी तोच चमू हॉक विमानांवर पुन्हा आला आणि आज नऊ विमाने एकत्र नेतो. अडचण विमानांची होती तरी मार्ग निघाला. आमच्या खेळाला तर माणसे, जनावरे आणि दोन तोफा एवढेच लागते.

आमचे मेळे का आटले, हे मला दिसले तसे सांगतो. नव्वदीनंतर पलटणी काश्मीर आणि ईशान्येकडे सतत तैनात होत्या. शांततेच्या छावणीत येऊन बस्तान बसवेपर्यंत पुन्हा बिस्तरा बांधायची वेळ यायची. सरावाला वेळ कुठला? शिवाय सुरक्षेचा प्रश्न वाढला, छावणीची दारे आवळली गेली. ते आवश्यकच होते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यात एक गोष्ट हातची गेली. आता आमच्या भागातल्या माणसाला जवान दिसतो तो दोनच वेळी. एकदा टीव्हीवर, जिथे त्याच्या नावाने दुसरेच कोणी ओरडत असते. आणि दुसऱ्यांदा तिरंग्यात गुंडाळलेला, गावच्या चौकात. खानदेशात जवान शहीद झाला की अख्खा तालुका लोटतो. रस्त्यावर सडा-रांगोळी होते, शाळेची पोरे फुले घेऊन उन्हात उभी राहतात. मी अशा अंत्ययात्रांना गेलो आहे, सलामी दिली आहे. त्या गर्दीचे प्रेम खरे आहे. त्याच गर्दीला तो जवान जिवंत असताना, हसताना, घामाघूम होऊन जिंकताना आणि हरताना पाहायला मिळाला पाहिजे. त्याच्या आईला तो काय काम करतो हे कळले पाहिजे. माझ्या वडिलांना ते भाग्य मिळाले. आज किती बापांना मिळते?

आता माझी मागणी. हा खेळ खानदेशात आणा, आणि पहिल्यांदा सारंगखेड्याला आणा.

शहादा तालुक्यात तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला भरते. तिथला घोडेबाजार देशभर नावाजलेला आहे. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी, सगळ्या जातींची जनावरे आणि त्यांचे दर्दी तिथे येतात. घोड्यांच्या शर्यती, नाचकाम, चेतक महोत्सव हे सगळे तिथे आधीच होते. म्हणजे मैदान तयार, पाहणारे तयार आणि त्यांना घोड्यातले कळते. टेंट पेगिंगला याहून चांगले प्रेक्षक कुठे मिळतील? पाय कुठे चुकला, लगाम कुठे ढिला पडला, हे तिथला दहा वर्षांचा पोरगाही सांगेल. जमिनीचाही विचार मी केला आहे. आपली काळी जमीन वाळली की भेगाळते आणि भिजली की घोड्याचा पाय धरून ठेवते, दोन्ही वाईट. नदीकाठच्या वाळूमिश्रित पट्ट्यावर धाव चांगली बसते आणि मेख नीट ठोकता येते. जयपूरला आपल्या सेनेची ६१वी कॅव्हलरी आहे. घोड्यांवरची पलटण म्हणून जगात तिचे नाव घेतले जाते. तिथले मोजके स्वार आले तरी यात्रेचे सोने होईल.

दिवसही जुळतात. ७ डिसेंबर सशस्त्र सेना ध्वजदिन, १६ डिसेंबर विजय दिवस, आणि दत्तजयंती बहुतेक त्याच महिन्यात. ध्वजदिन निधीसाठी शाळा-कार्यालयांतून डबे फिरतात, लोक दहा-वीस रुपये टाकतात आणि छातीला लावलेला छोटा झेंडा संध्याकाळी कुठे पडतो ते कळतही नाही. त्याऐवजी मैदानाचे तिकीट लावा. वीस रुपये, पोरांना फुकट. सगळी रक्कम ध्वजदिन निधीत, वीरनारी आणि जखमी जवानांसाठी. खानदेशी माणूस बारागाड्या ओढताना पाहायला भर उन्हात तासन्‌तास उभा राहतो, कुस्तीच्या दंगलीला पदरचे रोख बक्षीस लावतो. कसब दिसले की तो हात आखडत नाही. तोफ जोडणाऱ्या डिटॅचमेंटलाही तो बक्षीस लावेल, हे मी छातीठोकपणे सांगतो.

सारंगखेड्यानंतर धुळे आणि जळगाव. तोफखान्याची शाळा देवळालीला, धुळ्यापासून दीडशे-एकशे साठ किलोमीटरवर. तिथे दरवर्षी 'तोपची' नावाने माऱ्याचे प्रात्यक्षिक होते. बोफोर्स, धनुष, के-९ वज्र, पिनाका, सगळे एका दिवशी पाहायला मिळते. पण ते फायरिंग रेंजवर आणि निमंत्रितांसाठी. रेंजवर गर्दी नेता येत नाही हे मला माहीत आहे. मात्र एक तोफ, तिची डिटॅचमेंट आणि ब्लँक राउंड धुळ्याच्या मैदानावर यायला काही हरकत नसावी. खानदेशाचे त्या तोफांशी नातेही आहे, आणि ते आमच्याच पोरांना माहीत नाही. भुसावळच्या आयुध निर्माणीत पिनाकाचे पॉड, म्हणजे रॉकेटे ठेवायचे खोके, होतात. वरणगावात रायफलीच्या गोळ्या होतात. आमच्या रावेर-यावल-मुक्ताईनगरकडच्या कितीतरी घरांत बाप सकाळचा डबा घेऊन त्या कारखान्यांत गेला आणि त्यावर पोरे शिकली. तो पॉड पिनाकाच्या गाडीवर चढताना, तोफखान्याचा जवान तो लावताना, त्या कामगाराने बायकापोरांसह एकदा पाहायला नको का? १८ मार्चच्या आयुध निर्माणी दिनाला वस्तू मांडून दाखवतात. त्याच दिवशी ती वापरणाराही बोलवावा.

पहाटे पारोळा-अमळनेर रस्त्याने या, चोपड्याकडे जा, कुठेही. काळोखात पोरांचे घोळके धावताना दिसतील. सोळाशे मीटर, साडेपाच मिनिटे, दहा पुलअप्स, नऊ फुटांचा खड्डा. अग्निवीर भरतीचे हे आकडे त्यांना तोंडपाठ आहेत. आत गेल्यावर काय, हे विचारा, बहुतेकांना बंदुकीपलीकडे काही ठाऊक नसते. तोफखाना, सिग्नल, खडकीचे बॉम्बे सॅपर्स (पूल-रस्ते बांधणारे), जनावरांचे डॉक्टर आणि त्यांचे मदतनीस, स्वयंपाकी, हे सगळे फौज आहे. मैदानात सॅपर्सनी त्यांच्या डोळ्यांदेखत नाल्यावर पूल टाकला तर आयटीआय केलेल्या पोराला आपली जागा दिसेल. आणि पोरींनाही. २०२१पासून लष्करी पोलिसांत मुली जवान म्हणून आहेत. २०२३च्या एप्रिलमध्ये आमच्या तोफखान्यात पहिल्या पाच महिला अधिकारी आल्या. ही बातमी वाचून मी घरात पेढे वाटले होते. माझ्या नातीने तोफेवर हुकूम देणारी बाई स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, अशी माझी फार इच्छा आहे.

व्यवस्थेबद्दल कडक बोलतो. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाचा कार्यक्रम झाला. लाखो लोक लोटले आणि उन्हाच्या तडाख्यात पाच जणांचा जीव गेला. आपल्या जळगाव-भुसावळचे ऊन साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. म्हणून डिसेंबर-जानेवारीबाहेर हा कार्यक्रम करूच नये. सकाळी लवकर सुरू, दुपारच्या आत बंद. टँकर मैदानाच्या चारी बाजूंना, म्हाताऱ्यांसाठी मंडप, येण्याचा आणि जाण्याचा रस्ता वेगळा. जनावरांसाठी वेगळे पाणी आणि गर्दीपासून लांब सावली. यात्रेतल्या कर्ण्यांचा आवाज खेळ चालू असेपर्यंत बंद. फौजी जनावर तोफेला बिचकत नाही, पण चारी बाजूंनी डीजे लावला तर त्याला स्वाराचा आवाज ऐकू येत नाही, आणि तिथे अपघात होतो.

पुण्याच्या संचलनात चार पायांची यंत्र-खेचरे चालताना मी टीव्हीवर पाहिली. चांगली आहेत, बर्फात माणसाचा आणि जनावराचा जीव वाचवतील, आणि वाचवावाच. पण त्यांच्याबरोबर मैदानात एक खरे खेचर उभे करा. त्याच्या खुरावरचा नंबर पोरांना वाचू द्या. १९९९च्या कारगिल युद्धाआधी आणि नंतर, ज्या चौक्यांवर काही पोचत नव्हते तिथे पीठ, रॉकेल आणि गोळा त्याने पोचवला. आमच्यापैकी कितीतरी जण त्याच्यामुळे घरी आले.

सूर्यकिरणसारखे मोठे चमू मागत नाही. एक तोफ, दोन डिटॅचमेंट, काही घोडेस्वार, झांजपथक, एक श्वानपथक. एवढ्याची मागणी पुण्याला असलेल्या लष्कराच्या दक्षिण कमांडकडे जिल्हाधिकारी आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जावी लागते. पलटणींचा हिवाळ्याचा कार्यक्रम बराच आधी ठरतो, त्यामुळे कागद पावसाळ्याआधी पुण्याला पोचला पाहिजे. अर्जाचा मसुदा मी तयार केला आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या माजी सैनिकांनी आपापल्या तालुक्याच्या संघटनेत त्यावर सह्या कराव्यात, आणि सारंगखेडा यात्रेच्या व्यवस्थापनाने मैदानाचा एक दिवस राखून ठेवल्याचे पत्र द्यावे. दोर धरायला, गर्दी आवरायला आणि खेचरांना पाणी पाजायला आम्ही माजी तोफची येतो. जेवण आमचे आम्ही बांधून आणू.

आपला,
एक निवृत्त हवालदार (तोफखाना)
ता. पारोळा, जि. जळगाव